तलवारीने मिळवलेले राज्य

बेटावरचा कैदी

आफ्रिकेच्या पश्चिमेला अफाट समुद्र आहे. त्या समुद्रात सेंट हेलेना नावाचे एक लहानसे बेट आहे. चहूकडे पाणीच पाणी. आफ्रिकेचा किनारा तिथून सुमारे १,९०० किलोमीटर दूर. पळून जायचे म्हटले तरी माणूस पळणार कुठे?

सन १८१५ च्या ऑक्टोबर महिन्यात इंग्रजांनी एका कैद्याला या बेटावर आणून ठेवले. कैदी सेहेचाळीस वर्षांचा होता. पुढे त्याला राहायला जे घर मिळाले ते ओलसर होते. घरात उंदरांचा सुळसुळाट होता. कैदी खोलीत येरझारा घालायचा आणि बोलत राहायचा. त्याच्याबरोबर आलेली चार-दोन माणसे त्याचे बोलणे उतरून घ्यायची. लढाई कशी जिंकावी, शिपायाचे मन कसे राखावे, सत्ता कशी येते आणि कशी जाते, असे ते बोलणे असायचे.

या कैद्याचे नाव नेपोलियन बोनापार्ट. दहा वर्षे तो फ्रान्स देशाचा बादशहा होता. अर्धे युरोप खंड त्याच्या धाकात होते. राजे त्याच्या दारात ताटकळत उभे राहत.

तुम्ही म्हणाल, "त्याचे विचार घेऊन आम्ही काय करू? आम्हाला थोडंच लढाईला जायचंय?"

खरे आहे. पण पुढारी तर आपल्यालाही लागतो. गावाला लागतो, सोसायटीला लागतो, देशाला लागतो. पुढारी माणसे कशी जिंकतो, आणि जिंकलेली माणसे कुठे नेतो, हे आपल्याला कळले पाहिजे. नेपोलियनला पहिली गोष्ट फार चांगली येत होती. दुसऱ्या गोष्टीत तो चुकला. त्या चुकीची किंमत मात्र दुसऱ्यांनी दिली. म्हणून त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

वकिलाचा मुलगा

नेपोलियन काही राजाचा मुलगा नव्हता. कॉर्सिका नावाच्या बेटावर १५ ऑगस्ट १७६९ रोजी तो जन्मला. बाप वकील. घरात मुले पुष्कळ, पैसा बेताचा. आईचे नाव लेतिझिया. मोठी करारी आणि काटकसरी बाई.

नऊ वर्षांचा असताना बापाने त्याला फ्रान्सला नेले आणि पुढे लष्करी शाळेत घातले. त्याला फ्रेंच भाषा धड येत नव्हती. वर्गातली मुले त्याच्या बोलण्याला हसत. तो एकटा बसून पुस्तके वाची. सोळाव्या वर्षी तो तोफखान्यात अधिकारी झाला.

एरवी त्याला फार मोठी जागा मिळालीच नसती. त्या काळी फ्रान्सच्या सैन्यात वरच्या जागा बड्या घराण्यांतल्या मुलांना मिळत. पण सन १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली. लोक उठले. पुढे राजाला त्यांनी गादीवरून खाली ओढले. घराण्याचा मान गेला, आणि कर्तबगार माणसाला वाट मिळाली. त्या वाटेने नेपोलियन वर चढला. सन १७९३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो सेनापतींच्या पंगतीत जाऊन बसला.

एका पाटीची गोष्ट

तो इतक्या लवकर वर कसा चढला? त्याची एक गोष्ट सांगतात.

फ्रान्सच्या दक्षिणेला तुलाँ नावाचे बंदर आहे. सन १७९३ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले होते. ते परत घ्यायचे होते. नेपोलियनने शत्रूच्या अगदी तोंडासमोर एक मोर्चा बांधला. तिथे तोफगोळ्यांचा असा मारा व्हायचा की कोणी शिपाई उभे राहायला तयार होईना. हुकूम सोडून काय उपयोग? माणूस भीतीने गोठला की हुकूम त्याच्या कानात शिरत नाही.

नेपोलियनने एक पाटी रंगवून घेतली आणि त्या मोर्चावर लावली. तिच्यावर लिहिले होते की हा बेडर माणसांचा मोर्चा आहे. झाले! त्या दिवसापासून तिथे जायला शिपायांची चढाओढ लागली.

पाहा, तोफा त्याच होत्या, धोकाही तोच होता. फक्त चार शब्द नवे होते.

नेपोलियनचा पहिला विचार तो हाच. लढाईत मनाचे बळ तीन हिस्से आणि बाकीचे बळ एक हिस्सा, असा हिशेब त्याने पुढे आपल्या लिखाणात मांडला आहे. आणि नुसता मांडला नाही, तर तसा तो वागला. सन १७९६ मध्ये इटलीच्या मोहिमेसाठी त्याला जे सैन्य मिळाले ते उपाशी होते. पुष्कळांच्या पायांत जोडे नव्हते. त्याच सैन्याला घेऊन त्याने वर्षभरात ऑस्ट्रियाच्या बलाढ्य फौजा मागे रेटल्या. लोदी गावच्या पुलापाशी तो स्वतः तोफांजवळ उभा राहिला. शिपाई त्याला लाडाने 'छोटा नाईक' म्हणू लागले. सेनापतीला आपल्यातला एक म्हणणे, हा शिपायाने केलेला मोठा सन्मानच.

आणखी एक प्रसंग ऐका. २ डिसेंबर १८०५ रोजी ऑस्टरलिट्झ येथे मोठी लढाई व्हायची होती. समोर रशिया आणि ऑस्ट्रिया अशा दोन बादशहांच्या फौजा होत्या. आदल्या रात्री नेपोलियन आपल्या छावणीतून पायी फिरत होता. एका शिपायाने त्याला वाट दिसावी म्हणून गवताची चूड पेटवली. ते पाहून दुसऱ्याने पेटवली, मग तिसऱ्याने. बघता बघता सारी छावणी चुडींनी उजळून निघाली. शत्रूलाही तो उजेड दिसला.

दुसऱ्या दिवशी नेपोलियन जिंकला. त्या लढाईत मेलेल्या शिपायांच्या बायकांना त्याने निवृत्तिवेतन दिले. त्यांची मुले आपण दत्तक घेतली असे जाहीर केले. आपल्या नावाला 'नेपोलियन' हे नाव जोडायची त्यांना मुभा दिली.

असा पुढारी मिळाल्यावर माणसे त्याच्यासाठी मरायला का तयार होणार नाहीत?

दोन चेहरे

पण इथे जरा थांबू. कारण याच माणसाचा दुसरा चेहराही आहे.

सन १७९९ च्या मार्च महिन्यात नेपोलियन पॅलेस्टाईनमधल्या जाफा शहरात होता. त्याच्या सैन्यात प्लेगची साथ आली. सगळे घाबरले. तेव्हा तो स्वतः प्लेगच्या रोग्यांमध्ये गेला, त्यांच्याशी बोलला. त्या काळी हे सोपे नव्हते. त्याने सैन्याला धीर आला.

आणि त्याच शहरात, त्याच महिन्यात, त्याने शरण आलेल्या दोन हजारांहून अधिक कैद्यांना समुद्रकाठी नेऊन मारून टाकण्याचा हुकूम दिला. कैद्यांना खायला घालायला अन्न नाही आणि राखायला माणसे नाहीत, हे त्याचे कारण.

एकाच हाताने आजाऱ्याला धीर दिला आणि त्याच हाताने शरण आलेल्याला मारले. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा बसतात? नीट पाहिले तर उत्तर मिळते. दोन्ही वेळा त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती: लढाई जिंकायची. रोग्याला धीर दिल्याने सैन्य टिकत होते, म्हणून दिला. कैद्यांचा भार होत होता, म्हणून मारले.

माणुसकी कामाला येते तोवर ठेवायची, अशी ज्याची रीत असते, त्याच्या माणुसकीवर किती विसंबायचे?

बिल्ला, भाकरी आणि पाय

नेपोलियनला माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक होता. सन १८०२ मध्ये त्याने 'लीजन ऑफ ऑनर' नावाचा मानाचा बिल्ला सुरू केला. शूर शिपायाला द्यायचा आणि विद्वानालाही द्यायचा. काही सल्लागार नाखूश झाले. ते म्हणाले, ही तर राजेशाहीच्या काळातली खेळणी आहेत. नेपोलियनने उत्तर दिले ते असे, की खेळणी म्हणा हवे तर, पण अशा खेळण्यांनीच माणसांना चालवता येते.

या बोलण्यात शहाणपण आहे, आणि थोडी तुच्छताही आहे. माणसाला मान हवा असतो हे त्याने ओळखले. पण त्याच वेळी माणसाला त्याने लहान मूल समजले.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग. शत्रूला वाटावे की नेपोलियन अजून लांब आहे, आणि हा दाराशी उभा! सन १८०५ मध्ये त्याने इंग्लंडसमोरच्या समुद्रकाठावरून आपले सैन्य उचलले आणि काही आठवड्यांत थेट जर्मनीतल्या डॅन्यूब नदीवर नेले. तिथे ऑस्ट्रियाची एक आख्खी फौज कोंडली गेली आणि शरण आली. शिपाई थट्टेने म्हणायचे, "बादशहा आता आमच्या बंदुकीनं नाही, आमच्या पायांनी लढाई जिंकतो."

एवढा वेग आला कुठून? धान्याच्या गाड्यांचा लांबलचक तांडा तो बरोबर घेत नसे. ज्या मुलखातून जायचे तिथल्याच लोकांकडून धान्य, गुरे, वैरण घ्यायची. कधी पावती देऊन, पुष्कळदा ओरबाडून.

शेतकरी वाचकांना हे वेगळे सांगायला नको. पन्नास हजार माणसे आणि हजारो घोडी एका मुलखातून गेली की मागे काय उरणार? पेव रिकामे, गोठा रिकामा. पुढच्या पेरणीचे बीसुद्धा शिपायाच्या पोटात गेलेले. सेनापतीच्या कागदावर तो वेग होता. शेतकऱ्याच्या घरात ती उपासमार होती.

त्याच काळात अन्न टिकवण्याची एक युक्ती मात्र जगाला मिळाली. निकोला आपेर नावाच्या फ्रेंच माणसाने अन्न काचेच्या बरणीत घालून, बूच घट्ट लावून, ती बरणी उकळत्या पाण्यात ठेवली. ते अन्न महिनोन्‌महिने टिकले. सन १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक बक्षीस दिले. आजचे डबाबंद अन्न ही त्याच युक्तीची पुढची पायरी. पण त्या वेळी या युक्तीने लाखोंच्या सैन्याचे पोट भरण्यासारखे नव्हते.

'नाही' म्हणणारा कोणी उरला नाही

सन १७९९ च्या नोव्हेंबरमध्ये नेपोलियनने शिपायांच्या जोरावर फ्रान्सची सत्ता हाती घेतली. २ डिसेंबर १८०४ रोजी बादशहा म्हणून त्याचा राज्याभिषेक झाला. धर्मगुरू पोप स्वतः रोमहून आले होते. तरी नेपोलियनने मुकुट आपल्याच हाताने आपल्या डोक्यावर ठेवला.

राज्य त्याने नेटके चालवले, हे कबूल केले पाहिजे. शाळा, रस्ते, पेढी, सगळ्यांना शिस्त लावली. सन १८०४ मध्ये त्याने साऱ्या देशासाठी एक कायदा लागू केला. कायद्यापुढे बडा आणि लहान असा भेद राहिला नाही. बापाची इस्टेट थोरल्याला एकट्याला न जाता मुलाबाळांत वाटली जाऊ लागली. पण त्याच कायद्यात बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे असेही लिहिले. आणि सन १८०२ मध्ये त्याने फ्रान्सच्या वसाहतींत गुलामगिरी पुन्हा चालू केली. क्रांतीने ती बंद केली होती.

पण सर्वांत वाईट गोष्ट वेगळीच होती. सन १८०० मध्ये पॅरिस शहरात राजकारणाची ७३ वर्तमानपत्रे निघत. सत्तेवर आल्यावर दोन-तीन महिन्यांतच नेपोलियनने त्यांतली ६० बंद केली. सन १८११ मध्ये फक्त ४ उरली. तीही सरकारला हवे तेच छापीत.

घरात आरसा नसला म्हणजे तोंडाला लागलेली काजळी दिसत नाही. राज्याचेही तसेच आहे. चूक दाखवणारे तोंड बंद केले, म्हणून चूक नाहीशी होत नाही. ती फक्त दिसेनाशी होते.

त्याच्या आईला मात्र काहीतरी दिसत होते. मुलगा बादशहा, दुसरी मुले कोणी राजे तर कोणी राण्या. तरी लेतिझिया पैसा जपून ठेवायची. कोणी हसले तर म्हणायची, "हे टिकलं तर बरंच आहे!" असे सांगतात.

पाच तासांचे बोलणे

ते टिकले नाही.

सन १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनच्या राजाला दूर केले आणि आपल्या भावाला त्या गादीवर बसवले. स्पेनचे लोक चिडले. शेतकरी, पाद्री, बायका, मिळेल ते हत्यार घेऊन उठले. समोर सैन्य उभे असते तर नेपोलियनने ते हरवले असते. पण इथे झाडाआडून, डोंगराआडून मार येत होता. आपल्याकडे ज्याला गनिमी कावा म्हणतात तसाच तो प्रकार. स्पेनच्या लढाईने मला पोखरले, असे नेपोलियनने पुढे बेटावर कबूल केले.

तरी त्याने रशियावर चालून जाण्याचे मनात घेतले.

कोलँकूर नावाचा त्याचा एक सरदार होता. तो चार वर्षे रशियात फ्रान्सचा वकील म्हणून राहिला होता. सन १८११ च्या जून महिन्यात तो परत आला. नेपोलियनशी त्याचे सुमारे पाच तास बोलणे झाले. कोलँकूरने स्पष्ट सांगितले, की रशियाचा बादशहा सहज शरण येणार नाही. तो मागे मागे सरत जाईल. मुलूख मोठा आहे, थंडी भयंकर आहे. ती थंडीच त्याच्या बाजूने लढेल.

नेपोलियनने ऐकून घेतले. पण मानले नाही. हा माणूस रशियाच्या बादशहाला भुलला आहे, असे त्याला वाटले.

२४ जून १८१२ रोजी नेपोलियनचे सैन्य नेमन नदी ओलांडून रशियात शिरू लागले. मागून आलेले धरून सहा लाखांवर माणसे होती. त्यांत फ्रेंच होते, जर्मन होते, पोलिश होते, इटालियन होते. कोलँकूरने सांगितले तसेच झाले. रशियन सैन्य मागे सरत गेले. जाताना धान्याची कोठारे जाळीत गेले. घोड्यांना वैरण मिळेना, ती हजारोंनी मेली. ७ सप्टेंबरला बोरोदिनो येथे लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ७०,००० माणसे मेली किंवा जखमी झाली. १४ सप्टेंबरला नेपोलियन मॉस्को शहरात शिरला, तर शहर रिकामे. त्याच रात्रीपासून शहराला आगी लागल्या.

महिनाभर तो तहाच्या निरोपाची वाट पाहत बसला. निरोप आलाच नाही. १९ ऑक्टोबरला परतीची वाट धरली, आणि मग बर्फ पडू लागले.

पाण्यात उभी राहिलेली माणसे

या परतीच्या वाटेवर बेरेझिना नावाची नदी लागते. नोव्हेंबरचा शेवट होता. पुढे नदी, पाठीशी रशियन फौजा. पूल शत्रूने तोडलेला. आता सगळे संपले असे वाटले.

सैन्यात एब्ले नावाचा एक म्हातारा सेनापती होता. पूल बांधणाऱ्या कामगारांचा तो प्रमुख. काही दिवसांपूर्वी नेपोलियनने त्याला पुलाच्या होड्या जाळून टाकायला लावल्या होत्या. ओझे नको म्हणून. पण एब्लेने दोन भाते, कोळशाच्या गाड्या आणि अवजारांच्या गाड्या तेवढ्या जपून ठेवल्या. त्या आता कामाला आल्या. जवळच्या गावातली घरे मोडून लाकूड काढले. एब्लेचे सुमारे चारशे कामगार त्या गोठलेल्या पाण्यात छातीइतके उतरले. वरून बर्फाच्या लाद्या वाहत येत होत्या. पूल मोडला की पुन्हा उतरायचे आणि पुन्हा बांधायचा. म्हातारा एब्ले स्वतःही पाण्यात उतरला.

दोन पूल झाले. हजारो माणसे पलीकडे गेली, नेपोलियनही गेला. पूल बांधणारे बहुतेक जण थंडीने मेले. एब्ले महिनाभरात गेला.

नेपोलियन ५ डिसेंबरला सैन्य मागे सोडून घोडागाडीने निघाला आणि १८ तारखेला पॅरिसला पोचला. त्याच्या आधी त्याचे पत्रक तिथे पोचले होते. सैन्याची दैना झाली हे त्यात कबूल केले होते. आणि शेवटी लिहिले होते, की बादशहांची प्रकृती उत्तम आहे.

विचार करा. ज्या आईचा मुलगा परत आला नव्हता, तिला कोणीतरी ते पत्रक वाचून दाखवले असेल. शेवटची ओळ ऐकून तिला काय वाटले असेल?

सहा लाखांतून परत आले ते सुमारे लाखभरच.

तो स्वतःच बोलून गेला

तरीही लढाई थांबली नाही. फ्रान्समध्ये तरुणांची सक्तीने भरती चालू होती. पैसेवाला आपल्या मुलाऐवजी बदली माणूस विकत घेऊन देई. गरिबाने कुठून द्यायचा? कित्येक पोरे रानात पळून जात. मग सरकार त्यांच्या घरी शिपाई आणून बसवी. पोरगा हजर होईपर्यंत त्या शिपायांना घरच्यांनी पोसायचे. सन १८१३ मध्ये तर मिसरूड न फुटलेली पोरे सैन्यात आली.

त्या वर्षी २६ जून रोजी ड्रेस्डेन शहरात ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निख नेपोलियनला भेटला. तह करा, जिंकलेले काही मुलूख सोडा, असे त्याचे म्हणणे होते. मेटर्निखने ही भेट पुढे लिहून ठेवली आहे. नेपोलियन त्याला म्हणाला, की तुमचे राजे जन्माने राजे आहेत. ते वीस वेळा हरले तरी घरी जाऊन पुन्हा गादीवर बसतील. मला तसे करता येत नाही. मी शिपायाचा राजा झालो. ज्या दिवशी माझा धाक संपेल त्या दिवशी माझे राज्य संपेल.

वाचकहो, नेपोलियनच्या साऱ्या विचारांत हा विचार सर्वांत खरा आहे. वाघावर बसलेल्या माणसाला खाली उतरता येत नाही, तसे त्याचे झाले होते. लढाईने राज्य मिळवले, म्हणून ते राखायला पुन्हा लढाई. ती जिंकली की तिसरी. प्रत्येक लढाईला नवी पोरे हवीत. थांबावे तर धाक जातो, न थांबावे तर माणसे संपतात. हे त्याला कळत होते, तोंडाने तो बोलतही होता. पण वळत नव्हते.

मेटर्निख म्हणाला, "तुमचे शिपाई मी पाहिले. ती लेकरे आहेत." नेपोलियन रागाने लाल झाला. त्याने आपली टोपी फेकून दिली. तह काही झाला नाही.

ऑक्टोबरमध्ये लाइपझिग येथे त्याचा मोठा पराभव झाला. सन १८१४ मध्ये त्याला गादी सोडावी लागली.

असईहून वॉटर्लूला

सन १८१५ मध्ये नेपोलियन एकदा परत आला. १८ जून रोजी वॉटर्लू गावाजवळ शेवटची लढाई झाली. इंग्रजांकडून सेनापती होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

हा वेलिंग्टन आपल्या मुलखाला नवा नाही. आपल्या जालना जिल्ह्यात केळणा नदीकाठी असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. तोच पुढे वेलिंग्टन झाला. मराठ्यांच्या तोफांनी त्या दिवशी इंग्रजांच्या सैन्याची दाणादाण उडवली होती. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण फार महागात. असईइतकी रक्ताळ लढाई दुसरी पाहिली नाही, असे वेलस्ली म्हातारपणीही सांगे.

वॉटर्लूलाही तो जिंकला. एका दिवसात चाळीस हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. त्या विजयानंतर वेलिंग्टनने पत्रात लिहिले, की हरलेल्या लढाईच्या खालोखाल दुःखाची गोष्ट कोणती असेल तर ती जिंकलेली लढाई. हे हरलेल्याचे बोल नाहीत, जिंकलेल्याचे आहेत. म्हणून ते लक्षात ठेवावे.

शेवटचा हिशेब

वर्षाच्या शेवटी आपण घरचा जमाखर्च पाहतो. तसा या राज्याचा पाहू.

सुमारे पंधरा वर्षे राज्य केले. लाखो तरुण गेले. आणि मिळवले काय? सन १८१५ च्या तहात फ्रान्सच्या सीमा मागे ढकलल्या गेल्या. नेपोलियन सत्तेवर आला तेव्हा फ्रान्स जेवढा होता, त्याहून तो लहान झाला. वर ७० कोटी फ्रँक दंड बसला. परक्या फौजा तीन वर्षे देशात बसून राहिल्या. त्यांचा खर्चही फ्रान्सच्याच माथी.

बेटावर बसून नेपोलियनने हा हिशेब केला असावा. त्याच्याजवळ राहिलेल्या माणसाने त्याचे एक बोलणे लिहून ठेवले आहे. माझा मोठेपणा चाळीस लढाया जिंकण्यात नाही, एका वॉटर्लूने त्या पुसून टाकल्या. माझा कायदा तेवढा राहील, असे तो म्हणाला. तसेच झाले. आज त्याचे राज्य कुठेच नाही. पण फ्रान्सच्या कायद्याचा पाया अजून तोच आहे, आणि दुसऱ्या कित्येक देशांनी त्यावरून आपले कायदे केले. तलवारीने मिळवले ते गेले. कागदावर शाईने लिहिले ते राहिले.

५ मे १८२१ रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी, नेपोलियन त्या बेटावर मरण पावला. त्याची म्हातारी आई त्याच्यामागे पंधरा वर्षे जगली.

आपल्यापुढे जेव्हा कोणी पुढारी उभा राहील, तेव्हा नेपोलियन आठवा. त्याचे बोलणे गोड आहे का, तो आपल्या खांद्यावर हात ठेवतो का, एवढेच पाहू नका. ते नेपोलियनलाही येत होते. तो ज्या कामाला आपल्याला नेतो आहे त्याची किंमत कोण देणार, हे विचारा. त्याच्याजवळ 'नाही' म्हणणारा माणूस आहे का, आणि त्या माणसाचे तो ऐकतो का, हे पाहा. आणि बर्फाच्या पाण्यात उतरलेला म्हातारा एब्ले आठवा. पुढारी तोही होता.

विचार करा आणि सांगा

१. मोर्चावर पाटी लावल्यावर शिपायांचे मन का बदलले?
२. वर्तमानपत्रे बंद केल्याने नेपोलियनचे नुकसान कसे झाले?
३. कोलँकूरने कोणता सल्ला दिला? नेपोलियनने तो का मानला नाही?
४. "माझा धाक संपेल त्या दिवशी माझे राज्य संपेल" या बोलण्याचा अर्थ काय?
५. एब्ले आणि नेपोलियन यांच्यांत तुम्हाला कोणता फरक दिसतो?